बशीत पेशी मेल्या, पुढे काय? बालकर्करोगाच्या संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

आदरणीय समिती-सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर डोपामाइन ॲगोनिस्ट, म्हणजे डोपामाइन या संदेशवाहक रसायनाची नक्कल करणारी औषधं, वापरून पाहायचे प्रस्ताव तुमच्या टेबलावर येतात आणि येत राहतील. औषध पार्किन्सन्सच्या किंवा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेल्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं, पेटंट कधीच संपलेलं, दुष्परिणाम पाठ असलेले. सोबत एक आलेख: डोस वाढत गेला तशा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कर्करोगपेशी कमी होत गेल्या. माझं म्हणणं असं की या कल्पनेला पैसे जरूर द्या, पण तो आलेख बघून देऊ नका.

मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आजारी मुलांचे आईवडील ओळखीपाळखीतून नंबर मिळवतात, मोबाईलवर आलेली बातमी पुढे पाठवतात आणि खाली एकच ओळ लिहितात: "सर, ही गोळी आमच्या बाळाला चालेल का?" बातमी खोटी नसते. प्रयोग झालेला असतो, पेपर छापलेला असतो. पण आईबापांच्या प्रश्नाकडे नेणारा एकही प्रयोग त्यात नसतो. तो का नसतो, याचं निम्मं उत्तर तुमच्या निवडीत आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

कल्पना मुळात वेडगळ नाही, हे आधी मान्य करतो. न्यूरोब्लास्टोमा मेंदूत होत नाही. तो सिंपथेटिक मज्जासंस्थेत होतो. गर्भात न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशीसमूहातून निघालेल्या ज्या पेशींनी पुढे ॲड्रिनल ग्रंथीचा गाभा आणि कण्यालगतच्या मज्जागाठी बनायचं असतं, त्यांतल्या काही प्रौढ व्हायच्या राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात. निदानाच्या वेळी मुलाचं वय सरासरी दीड वर्षाच्या आसपास असतं. बालकर्करोगाच्या एकूण रुग्णांत ही मुलं सात-आठ टक्के, पण कर्करोगाने जाणाऱ्या मुलांत मात्र पंधरा टक्क्यांच्या घरात. आणि याच आजाराचा तान्ह्या बाळांतला एक प्रकार असा आहे, की काही न करता गाठी आपोआप विरून जातात. वर्षानुवर्षं शिकवूनही मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

या पेशी डोपामाइन स्वतः बनवतात. टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामाइन, त्यापासून नॉरॲड्रेनॅलिन, ही साखळी त्यांच्यात चालू असते. दहातल्या नऊ मुलांच्या लघवीत तिचे अवशेष, म्हणजे एचव्हीए आणि व्हीएमए, वाढलेले सापडतात. पेशी फारच कोवळी असेल तर साखळीची शेवटची कडी कच्ची राहते, डोपामाइनच्या पुढे गाडी सरकत नाही. एचव्हीए भरपूर आणि व्हीएमए कमी असा रिपोर्ट आला की जाणत्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते. एमआयबीजी स्कॅनही याच रसायनकुळाच्या जोरावर चालतो: नॉरॲड्रेनॅलिनसारखा दिसणारा किरणोत्सारी रेणू पेशी आपणहून आत ओढून घेतात आणि गाठ पडद्यावर उजळते. ज्या पेशीचा सगळा संसार डोपामाइनच्या कुळातला, तिला डोपामाइनच्याच नकलेने वळण लावता येईल का, असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काहीच नाही.

शिवाय पिट्युटरी ग्रंथीतल्या प्रोलॅक्टिनोमाचा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीचा, दाखला हाताशी असतो. ब्रोमोक्रिप्टिन आणि नंतर आलेलं कॅबरगोलिन ही ॲगोनिस्ट पेशीवरच्या डी-२ रिसेप्टरवर (डोपामाइनचा संदेश घेणाऱ्या कुलपावर म्हणा) बसतात, प्रोलॅक्टिन उतरतं आणि बहुसंख्य रुग्णांत गाठही आकसते. डोळ्यांच्या नसेवर दाबणारी गाठ नुसत्या गोळ्यांनी मागे हटते आणि नजर सुधारते, हे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हा दाखला असतोच. फक्त तो अर्धा असतो. प्रोलॅक्टिनोमा जवळजवळ नेहमीच सौम्य गाठ असते, आणि गोळी बंद केल्यावर कित्येकांमध्ये ती पुन्हा डोकं वर काढते. हाडांत आणि अस्थिमज्जेत पसरलेल्या कर्करोगाशी तिची बरोबरी करायची तर मध्ये बरेच पूल बांधावे लागतील.

पहिला पूल रिसेप्टरचा. डोपामाइनचे रिसेप्टर दोन गटांत मोडतात. डी-१ गट चेतवला की सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला निरोप्या रेणू वाढतो, डी-२ गट चेतवला की कमी होतो. आता, सायक्लिक एएमपी वाढवलं की उंदराच्या न्यूरोब्लास्टोमा पेशींना धागे फुटतात आणि त्या प्रौढ मज्जापेशींसारख्या दिसू लागतात, हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. म्हणजे 'डोपामाइन ॲगोनिस्ट' या एकाच नावाखाली येणारी दोन औषधं पेशीला नेमकी उलट्या दिशांना ओढू शकतात. प्रस्तावात औषध कोणत्या रिसेप्टरवर बसतं, तो रिसेप्टर या गाठीत आहे का आणि किती मुलांच्या गाठीत आहे, हे पहिल्या दोन पानांत सापडलं नाही तर मी पुढचं पान उलटणार नाही.

दुसरी गोष्ट पेशींची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एसएच-एसवाय५वाय या सेल लाइनचं (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशाचं) नाव तुम्ही शेकडो अर्जांत वाचलं असेल. १९७० साली चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेत पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी वाढवून एसके-एन-एसएच ही मूळ लाइन तयार झाली. तिच्यातून निवडत निवडत काढलेली ही नात-पणती. फ्लास्कच्या तळाशी बहुतांशी चिकटून वाढते, सांभाळायला सोपी, टायरोसिनपासून डोपामाइनकडे नेणारं एन्झाइमही तिच्यात आहे. म्हणून तिला कर्करोगवाल्यांपेक्षा जास्त कुणी वापरलं असेल तर ते पार्किन्सन्सवाल्यांनी. मेंदूतली डोपामाइनची पेशी बशीत वाढवणं कठीण, तर तिच्या जागी ही.

त्यामुळे एक मोठी गंमत झाली आहे, आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. पार्किन्सन्सच्या प्रयोगशाळांनी हीच पेशी घेतली, तिला आधी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल हे ॲगोनिस्ट दिलं, मग विष घातलं, आणि पेशी तगून राहिली. 'औषध मज्जापेशींचं रक्षण करतं' असं लिहून ते आनंदाने छापलं गेलं. असे पेपर मुबलक आहेत. आता त्याच गटातलं औषध, तीच पेशी, आणि तुमच्याकडच्या प्रस्तावात म्हटलंय की पेशी मेल्या. दोन्ही खरं असू शकतं. औषध वेगळं, डोस वेगळा, वेळ वेगळी. पण त्या चार वर्षांच्या मुलीच्या पेशींनी आधीच सांगून ठेवलं आहे, की काही मात्रेत ही औषधं त्यांना वाचवतात. केमोथेरपीही शेवटी विषच आहे. तेव्हा मुलाला सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध चालू असताना ही गोळी दिली तर ती कर्करोगपेशीच्या अंगावर चिलखत चढवणार नाही कशावरून? हा प्रश्न प्रस्तावात असायलाच हवा. केमोच्या औषधासोबत आणि केमोशिवाय, असे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी मांडल्याशिवाय पैसा सुटू नये.

याच सेल लाइनची आणखी एक मर्यादा आहे. न्यूरोब्लास्टोमाच्या साधारण पाचातल्या एका मुलात एमवायसीएन या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि ती मुलं जास्त धोक्याच्या गटात जातात. एसएच-एसवाय५वायमध्ये तसं नाही. तिच्यात एएलके जनुकाचं म्युटेशन आहे. एकट्या तिच्यावर प्रयोग करून 'न्यूरोब्लास्टोमावर परिणाम' असं शीर्षक देणं म्हणजे सगळ्यांत कठीण मुलं बाहेर ठेवून वर्गाचा निकाल लावणं. एमवायसीएन वाढलेल्या लाइन आहेत, रुग्णांच्या गाठींपासून उंदरांत वाढवलेली मॉडेल्स आहेत. शिवाय २०१७पासून हेही स्पष्ट झालं आहे, की एकाच गाठीत दोन स्वभावांच्या पेशी असतात, ॲड्रेनर्जिक आणि मेसेन्कायमल, आणि दुसऱ्या जातीच्या पेशी केमोला सहज बधत नाहीत. डोपामाइनचं घराणं पहिलीचं. औषधाने पहिली मारली आणि दुसरी शिल्लक ठेवली, तर स्कॅन काही काळ छान दिसेल आणि मग आजार उलटेल.

आता आलेखाच्या आडव्या रेषेकडे या. तिथे बहुधा औषधाची तीव्रता मायक्रोमोलरमध्ये (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर) लिहिलेली असते: एक, दहा, कधी पन्नास. कॅबरगोलिनच्या अर्ध्या ते दीड मिलिग्रॅम डोसनंतर निरोगी प्रौढांच्या रक्तात सर्वोच्च पातळी असते मिलिलिटरला ३० ते ७० पिकोग्रॅम. हिशोब केला तर ती नॅनोमोलरच्याही एका दशांशाच्या आसपास येते. बशीत दहा मायक्रोमोलर घातलं असेल तर ते रक्तातल्या पातळीच्या सुमारे लाखपट झालं. लाखपट मात्रेत अनेक साधी औषधंसुद्धा पेशी मारतील. त्यासाठी डोपामाइनचं नाव घ्यायची गरज नाही. हा गुणाकार करायला पाच मिनिटं पुरतात. माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी करायचे. मग तो अर्ज लिहिणाऱ्याने का करू नये आणि वाचणाऱ्याने का मागू नये?

ॲपोमॉर्फिन या दुसऱ्या ॲगोनिस्टची तर आणखी एक खोड आहे. त्याचं द्रावण हवेत राहिलं की ऑक्सिडाइज होतं आणि हिरवट पडतं. इंजेक्शन हिरवं दिसलं तर टोचू नका, अशी सूचना औषधासोबतच असते. डोपामाइनही कल्चरच्या माध्यमात असंच ऑक्सिडाइज होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवलेल्या बशीत सकाळी पेशी मेलेल्या सापडल्या, तर त्या रिसेप्टरमुळे मेल्या की पेरॉक्साइडमुळे, हे नुसतं मोजून कळणार नाही. रिसेप्टर अडवणारं औषध आधी घालून पाहा, रिसेप्टरचं जनुक काढून टाकून पाहा, माध्यमात कॅटालेज, म्हणजे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम, घालून पाहा. रिसेप्टर अडवूनही पेशी मरत असतील, तर डोपामाइनची गोष्ट तिथेच मिटली. कॅटालेज घातल्यावर वाचत असतील, तर मारेकरी पेरॉक्साइड होता.

आणि मारेकरी भलताच निघाला म्हणून औषध वाया गेलं असंही नाही. ओएनसी-२०१ हे औषध (ते ॲगोनिस्ट नव्हे, उलट डी-२ रिसेप्टर अडवणारं) डोपामाइनच्या वाटेने काम करतं असं काही काळ मानलं गेलं. पुढे लक्षात आलं की ते मायटोकॉन्ड्रियातल्या सीएलपीपी या एन्झाइमला चेतवतं. २०२५ साली अमेरिकेत मेंदूतल्या एका विशिष्ट ट्यूमरसाठी त्याला मान्यताही मिळाली. नेमका मारेकरी शोधला तर योग्य रुग्ण निवडता येतो, इतकंच मला म्हणायचं आहे.

समजा, हे सगळे पूल पार झाले. पुढे खाटेवरचं मूल आहे. दोन वर्षांचं, केमो चालू, दिवसातून कितीदा तरी उलट्या. त्याला ओंडान्सेट्रॉन हे उलट्या थांबवणारं औषध चालू असतं. ॲपोमॉर्फिन आणि ओंडान्सेट्रॉन एकत्र देणं निषिद्ध आहे. रक्तदाब एकदम कोसळून रुग्ण बेशुद्ध पडल्याच्या नोंदी आहेत. मग ओंडान्सेट्रॉन काढून मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं दुसरं औषध द्यावं? ते डोपामाइनचा रिसेप्टरच अडवतं, म्हणजे एका हाताने गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचं दार लावायचं. त्यात ॲगोनिस्ट स्वतः उलट्या आणणारी. राहिलं कॅबरगोलिन: पार्किन्सन्सच्या मोठ्या डोसमध्ये ते हृदयाच्या झडपा जाड करू शकतं, हे २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवलं आणि याच कारणासाठी त्याच्या कुळातलं परगोलाइड अमेरिकेच्या बाजारातून गेलं. या मुलांना डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध बहुधा मिळालेलं असतं, ते हृदयावर आधीच घाव घालून गेलेलं असतं. किती प्रस्तावांत बालकर्करोगाच्या वॉर्डात काम करणारी नर्स किंवा फार्मासिस्ट सहसंशोधक म्हणून असते? असायला हवी. मी वर लिहिलेला अर्धा परिच्छेद तिने चहा पिता पिता सांगितला असता.

लघवीच्या रिपोर्टबद्दलही सावध राहा. डी-२ रिसेप्टर मज्जापेशीतून कॅटेकोलामाइन बाहेर पडणं कमी करू शकतात. उद्या एखाद्या छोट्या चाचणीत मुलांचं एचव्हीए उतरलेलं दिसेल आणि तेच यश म्हणून मांडलं जाईल. पेशी मात्र गप्प बसून तितक्याच राहिलेल्या असतील. या आजारात लघवीच्या आकड्याने एकदा मोठी फसगत केलेली आहे. जपानने १९८०च्या दशकात सहा महिन्यांच्या बाळांची देशभर लघवी तपासायला सुरुवात केली. आजार भरपूर सापडला, सापडलेली मुलं छान जगली, आकडे देखणे दिसले. २००२मध्ये क्विबेक आणि जर्मनीतल्या अभ्यासांनी दाखवून दिलं, की अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. ज्या गाठी आपोआप विरणार होत्या त्याच जास्त सापडत होत्या. म्हणजे काही निरोगी होऊ शकणाऱ्या बाळांवर शस्त्रक्रिया आणि केमो झाली. जपानने २००३मध्ये कार्यक्रम थांबवायचं ठरवलं. एवढं मोठं काम आपल्याच हाताने थांबवायला धैर्य लागतं, त्यांना दाद द्यावी लागेल.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, म्हातारा सगळ्याच जुन्या औषधांवर रुसला आहे. उलट आहे. न्यूरोब्लास्टोमात जुन्या औषधांनी खरं काम केलं आहे. मुरुमांसाठी वापरलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन घ्या. युरोपातल्या एका चाचणीत ते कमी मात्रेत रोज दिलं, फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या चाचणीत मोठी मात्रा दिली, दोन आठवडे औषध आणि दोन आठवडे सुट्टी अशी, तीही केमो आटोपल्यावर उरलेल्या थोड्या पेशींवर. १९९९ साली छापलेल्या निकालात तीन वर्षं आजार न उलटलेली मुलं ४६ टक्के निघाली, औषध न दिलेल्यांत २९ टक्के. रेणू तोच. कधी, किती आणि कुणाला, यावर सगळं ठरलं. दुसरं, एफ्लॉर्निथिन, झोपेच्या आजारावरचं आफ्रिकेत वापरलेलं औषध. एमवायसीएन ज्या एन्झाइमला चाबूक मारतं, त्यालाच ते रोखतं, म्हणजे इथे तर्काची साखळी जनुकापासून गोळीपर्यंत सलग होती. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत त्याला उच्च जोखमीच्या न्यूरोब्लास्टोमासाठी मान्यता मिळाली. तरीही सल्लागार समितीचं मत १४ विरुद्ध ६ असं फुटलं होतं, कारण तुलना त्याच चाचणीतल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या गटाशी नव्हती, दुसऱ्या चाचणीतल्या जुन्या रुग्णांशी होती. इतकी चांगली कल्पना असूनही शंकेला जागा राहिली. ती जागा सुरुवातीला पैसा कमी पडल्याने राहते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. पेटंट संपलेल्या गोळीची मोठी चाचणी कोणती कंपनी करेल? अमेरिकेच्या २०१७च्या रेस फॉर चिल्ड्रन कायद्याने प्रौढांसाठी येणाऱ्या ज्या नव्या कर्करोग-औषधांचं लक्ष्य बालकर्करोगातही महत्त्वाचं असतं, त्यांची मुलांत चाचणी सक्तीची केली, पण तो लागतो नव्या औषधाच्या अर्जाला. ब्रोमोक्रिप्टिनसाठी नवा अर्ज करणारं कुणी नाही. म्हणजे या औषधांना वाली कोण, तर तुम्ही. तुम्ही शंभर छोट्या बशी-प्रयोगांना थोडे थोडे पैसे वाटलेत तर शंभर आलेख मिळतील आणि माझ्या मोबाईलवर शंभर बातम्या येतील. त्याऐवजी दोन-तीन औषधं निवडून, ती खरंच चालतात की नाही याचा निकाल लागेपर्यंत पैसा पुरवा. रक्तात मिळणाऱ्या मात्रेत, अनेक लाइनवर, केमोसोबत, मग उंदरांत. इथवर काही शिल्लक राहिलं तरच मुलांकडे, आणि तेही चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेसह. बहुतेक औषधं वाटेत गळतील. गळू देत.

आणि गळाल्याची बातमी छापायला लावा. अनुदानाचा शेवटचा हप्ता निकाल जाहीर झाल्यावरच मिळेल, मग तो निकाल 'काही उपयोग नाही' असा का असेना, अशी अट घाला. आज 'नाही' हे उत्तर कुणाच्या तरी कपाटात पडून राहतं, आणि पाच वर्षांनी दुसरी प्रयोगशाळा तेच औषध, तीच पेशी घेऊन तुमच्याच दारात उभी राहते. तिकडे एखादा बाप रात्री अकरा वाजता जुना पेपर वाचून आजोबांच्या पार्किन्सन्सच्या गोळ्यांची पट्टी हातात धरून बसलेला असतो. त्याला "देऊ नका, हे तपासून झालंय" असं म्हणायला माझ्याकडे कागद हवा.

पुढच्या फेरीचा अर्ज-नमुना छापायला जाण्याआधी त्यात तीन रकाने वाढवा: वापरलेली मात्रा रुग्णाच्या रक्तातल्या पातळीच्या किती पट आहे, रिसेप्टर अडवल्यावर परिणाम नाहीसा होतो का, आणि मुलाला चालू असलेल्या उलटीच्या व केमोच्या औषधांसोबत काय होतं. रकाना रिकामा असेल तर अर्ज परत पाठवा, फेटाळू नका. भरून आणायला सांगा. नमुन्याचा मसुदा करायला मी आनंदाने बसेन, मानधन नको.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक